दारूखान्यातील ओल

बालाघाटाच्या पठारावर जयंती नदीच्या काठी वसलेले अंबाजोगाई मराठी वाचकाला आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीमुळे, दासोपंतांच्या अफाट ग्रंथरचनेमुळे आणि कुलस्वामिनी योगेश्वरीच्या दर्शनासाठी कोकणातून घाट चढून येणाऱ्या चित्पावन कुटुंबांमुळे ठाऊक असते; परंतु निजामी अमदानीत हेच गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जात असे आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची येथे छावणी होती, हे स्मरणात ठेवणारे थोडे. १८५३ च्या तहान्वये निजामाच्या नावाने, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली, ही फौज कायम झाली. तीत पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार आणि चार तोफखाने असावेत असा करार होता, व तिच्या खर्चापोटी वऱ्हाडचा मुलूख कंपनीकडे लावून देण्यात आला. स्वार शिलेदारी पद्धतीचे. घोडा, खोगीर, तलवार, पोशाख ज्याचा त्याने आणावा, आणि सरकारातून पगाराखेरीज बंदूक व दारूगोळा एवढेच मिळावे, असा शिलेदारी रिसाल्यांचा पुढे रूढ झालेला दंडक होता. म्हणजे घोड्याला काही झाले तर ती स्वाराची हानी. दारू बिघडली तर मात्र ती सरकारची.

आणि दारू बिघडते. सोरा, गंधक व कोळसा यांचे हे मिश्रण ठिणगीला जितके भिते तितकेच, किंबहुना मला वाटते अधिकच, ओलीला भिते. सोरा हा मूळचा क्षारच. तो नीट शुद्ध केलेला नसला तर पावसाळ्यात मिठाच्या बरणीला सुटावे तसे त्याला पाणी सुटते, आणि कोळसा तर सच्छिद्रपणामुळे हवेतील ओल शोषून घेण्यास सदैव तत्पर. अशी ओलावलेली दारू वाळवली म्हणजे पूर्ववत होते, हा समज भ्रामक होय. कारण विरघळलेला सोरा वाळताना पृष्ठभागावर निराळा स्फटिक होऊन बसतो, कुटून-खलून साधलेली त्रयीची एकजीवता नाहीशी होते, आणि दिसायला कोरडी, वजनाला पुरी अशी ती दारू ऐन वेळी नुसती फुसफुसते. त्यात ऊब नसलेल्या, नुसत्या छपराच्या कोठीची आणखी एक खोड असते. पठारावर हिवाळ्याच्या रात्री कडक आणि दुपारी तापट. रात्रभर गारठलेल्या धातूच्या भांड्यावर वा शिशाच्या गोळ्यांवर सकाळची दमट हवा लागली की दंव धरते, आणि पाऊस नसतानाही भिंतीआड पाणी उत्पन्न होते.

हे सर्व आपल्याकडील कारभाऱ्यांना नवे नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी जो मजकूर आहे, तो त्या ग्रंथातील राजनीतीच्या थोर वचनांइतका कोणी उद्धृत करीत नाही. मला मात्र तो सर्वांत जिवंत वाटतो. दारूखाना सदरेपासून व वस्तीपासून दूर असावा, त्यास कुंपण असावे, खाली तळघर करून त्यात चुन्याचा गच करावा, जमिनीवर न ठेवता माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, बाण व होके निराळ्या जागी असावेत, सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन सर्व माल बाहेर काढून, त्यास ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावा, असा त्याचा आशय. यातील एकेक कलम पाहावे. तळघर कशासाठी, तर दिवसरात्रीचा उष्णतेचा चढउतार तेथे पोचत नाही. गच कशासाठी, तर तळघराला जमिनीची ओल लागते. माच कशासाठी, तर चुन्याच्या गचालाही पाझर फुटतो. आणि मोहोर कशासाठी हे सांगायला नकोच: दारू ही चोरून विकण्यासारखी वस्तू होती, व हवालदारही माणूसच.

आग आणि ओल यांपैकी बखरकारांचे व पत्रलेखकांचे लक्ष आगीकडे. सिंहगडाच्या कोठारावर ११ सप्टेंबर १७५१ रोजी वीज पडली, फडणिसाचे घर उद्ध्वस्त होऊन घरातील माणसे मेली, ही घटना तारखेनिशी टिकून राहिली; १८१८ च्या मे महिन्यात रायगडावर इंग्रजांच्या गोळ्याने दारूचे कोठार पेटले, तेही प्रत्येकाला माहीत. परंतु भाद्रपदात किती गडांवर किती मडक्यांतील दारू निकामी झाली, याची तारीख कोण घालणार? तिचा पत्ता लागतो तो अप्रत्यक्ष. मोहिमा दसऱ्यानंतर निघत आणि पावसाळ्यापूर्वी फौजा छावणीस परतत, याचे श्रेय आपण नद्यांच्या पुराला आणि वैरणीला देतो, ते योग्यच आहे. पण तोड्याची जामगी विझवणारा व कान्यातील दारू भिजवणारा पाऊसही त्यात धरला पाहिजे. उदगीरचा संग्राम फेब्रुवारी १७६० चा, खर्ड्याचा मार्च १७९५ चा. खंडेनवमीला शस्त्रे काढून, गंज घासून, तेल देऊन पूजेला मांडतात, त्यातही चातुर्मासाच्या ओलीनंतरची तपासणी धर्माच्या आवरणाखाली होऊन जाई, असे मला वाटते.

मोमिनाबादेत छावणी नांदत असताना हे शास्त्र कागदात शिरले होते. मोजक्या दारूची पुडी आणि गोळी एकत्र बांधलेले काडतूस शिपायाने दाताने फाडावे, दारू नळीत ओतावी, वर गोळी ठासावी. या कागदाला जी चरबी लावीत, ती गोळी नळीत सुलभ सरकावी म्हणून, तशीच आतील दारूस ओल लागू नये म्हणूनही. १८५७ च्या वणव्यास निमित्त झालेल्या त्या चरबीचे एक काम असे दारूखान्याचेच होते. औरंगाबादेस त्या जूनमध्ये बिघडलेला रिसाला मोमिनाबादहूनच तेथे गेला होता. त्याची तक्रार मात्र काडतुसाची नसून दिल्लीच्या बादशहाविरुद्ध आपणांस नेणार या वार्तेची होती, आणि पुण्याहून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने तो मोडून काढला.

पुढे पितळी काडतूस आले, खडकीस १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि दारू, गोळी व टोपी ही एकाच पितळी नळीत बंद झाल्यावर कोठीची निम्मी काळजी कारखान्याकडे गेली. १९०२ च्या वऱ्हाडविषयक करारानंतर कंटिंजंट स्वतंत्र राहिली नाही. १९०३ मध्ये तिचे रिसाले हिंदुस्थानच्या फौजेत दाखल झाले, त्यांच्या नावांपुढे डेक्कन हॉर्स, गॉर्डन्स हॉर्स अशी बिरुदे लागली, आणि दारूगोळ्याचा हिशेब निजामाच्या मुलखातील स्थानिक फौजेच्या वहीतून निघून हिंदुस्थान सरकारच्या वहीत चढला.