दुचाकी परमुलखात बंद पडली, तर वॉरंटीचे काय?

श्रीनगर ते कन्याकुमारी धावणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूरहून दक्षिणेस निघाला, की पांढरकवड्यानंतर पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. नदीच्या एका तीरावर महाराष्ट्र, दुसऱ्या तीरावर तेलंगणा. पाट्यांची लिपी बदलते. बेला, जैनद, तामसी या मंडलांतील अनेक घरांतली बोली मात्र मराठीच राहते. हैदराबादमार्गे नागपूरकडे, तेथून गोरखपूर आणि सोनौलीवरून नेपाळकडे जाणाऱ्या गोव्यातील दुचाकीस्वारांच्या वाटेतही हा टप्पा येतो. नेरडीगोंड्याच्या आसपास, कुंतला धबधब्याकडे फाटा फुटतो त्या जंगलपट्ट्यात इंजिनाने मान टाकली, तर गाडी दुरुस्त कोठे करावी हा पहिला प्रश्न. पणजीत वा मडगावात मिळालेली वॉरंटी तेथे चालते काय, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकीची वॉरंटी सर्वसाधारणपणे देशभर लागू असते आणि त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरात तिचा लाभ मागता येतो. वॉरंटी चिकटलेली असते ती चासी आणि इंजिनाच्या क्रमांकाला, नंबरप्लेटला नव्हे. आदिलाबादच्या वाहनधारकांना हे वेगळे सांगावे लागत नाही. एकाच जिल्ह्यातील गाड्या आंध्र प्रदेशाच्या काळात ‘एपी ०१’, तेलंगणाच्या स्थापनेनंतर ‘टीएस ०१’ आणि मार्च २०२४ पासून ‘टीजी ०१’ अशा तीन मालिकांत नोंदल्या गेल्या. त्यांच्या शेजारी नातेवाइकांच्या ‘एमएच’ गाड्या उभ्या असतात, त्या निराळ्याच. नोंदणी कोणत्या राज्याची, यावरून वॉरंटी नाकारणाऱ्या सेंटराला मालकाने निःसंकोच पुस्तिका उघडून दाखवावी.

अडचण निर्माण होते ती इतर ठिकाणी. अनेक पुस्तिकांत असे कलम असते, की बंद पडलेली गाडी सर्व्हिस सेंटरापर्यंत आणण्याचा खर्च मालकाचा. जिल्ह्याच्या गावी ज्या कंपनीचे सेंटर नाही, तिच्या गाडीसाठी निर्मल, नांदेड किंवा नागपूर गाठावे लागते आणि टेंपोचे भाडे कधी कधी सुट्या भागाच्या किमतीलाही मागे टाकते. या खर्चासाठी ‘रोडसाइड असिस्टन्स’ नावाची वेगळी योजना असते. वॉरंटी, विमा आणि ही रस्त्यावरची मदत हे तीन वेगवेगळे करार आहेत. वॉरंटी निर्मितीतील दोषासाठी, विमा अपघात व चोरीसाठी, आणि मदत योजना गाडी उचलून नेण्यासाठी. शोरूममध्ये तिन्ही कागद एकाच पाकिटात हाती पडत असल्याने ग्राहक त्यांची सरमिसळ करतो आणि नेमका चुकीच्या दारावर जाऊन उभा राहतो.

वॉरंटीत काय बसत नाही, हेही पाहिले पाहिजे. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, बल्ब, चेन-स्प्रॉकेट यांसारखे झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात. टायर आणि बॅटरीची हमी त्यांचे उत्पादक स्वतंत्रपणे देतात. ठरलेल्या किलोमीटरवर सर्व्हिसिंग न करणे, सांगितलेल्या प्रतीचे तेल न वापरणे, जादा दिवे वा हॉर्न जोडण्यासाठी मूळ वायरिंग कापणे ही दावा फेटाळण्याची नेहमीची कारणे होत. लांबच्या प्रवासाला निघणारा स्वार हौसेने फॉग लॅम्प आणि मोबाइल चार्जर बसवून घेतो. पुढे वायरिंग जळाले, की कंपनी त्याच जोडणीकडे बोट दाखवते.

त्याहून नाजूक प्रसंग म्हणजे महामार्गावरच्या मिस्त्रीकडून करून घेतलेली दुरुस्ती. रात्रीच्या वेळी, सेंटर शंभर किलोमीटरवर असताना गाडी ढकलत बसण्यापेक्षा जवळच्या गॅरेजात नेणे हा व्यवहाराचा भाग आहे. तथापि अनधिकृत जागी इंजिन उघडले, की दोष मूळचा होता की मिस्त्रीच्या हातचा, हा वाद सुरू होतो. चाक, केबल, फ्यूज यांपुरते काम करून घेण्यास सहसा हरकत नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि फ्यूल इंजेक्शनला हात लावू देऊ नये. लावावाच लागला, तर त्याआधी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, मीटरवरील किलोमीटर आणि बिघडलेल्या भागाचे छायाचित्र काढावे, बिल घ्यावे आणि काढलेला भाग फेकू न देता सोबत आणावा. जुना भाग हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो.

अधिकृत सेंटरात गाडी पोहोचल्यावर जॉब कार्ड हा सर्वांत महत्त्वाचा कागद. त्यावर तक्रार मालकाच्या शब्दांत लिहिलेली असली पाहिजे. ‘जनरल चेकअप’ असे मोघम लिहून सही घेण्याची पद्धत सर्रास आढळते. अशा कार्डावर सही करणे म्हणजे पुढच्या दाव्याचा पायाच काढून घेणे. ‘चालू गाडी ६० च्या वेगात अचानक बंद पडली, पुन्हा सुरू होत नाही’ असे स्पष्ट वाक्य हवे. त्यानंतर सेंटर कंपनीकडे दावा पाठवते, गरज पडल्यास विभागीय अभियंता पाहणी करतो आणि मंजुरीनंतर भाग बदलला जातो. दावा नाकारला गेला, तर नकार कारणासह लेखी मागावा. तोंडी नकाराला आयोगापुढे काडीची किंमत नसते.

देशाची सीमा ओलांडल्यावर चित्र पालटते. भारतात विकलेल्या दुचाकीची वॉरंटी सामान्यतः भारतापुरतीच असते. नेपाळमध्ये भारतीय बनावटीच्या दुचाकी मोठ्या संख्येने धावतात आणि त्याच नावाच्या शोरूम ठिकठिकाणी दिसतात, म्हणून तेथे मोफत दुरुस्ती मिळेल अशी समजूत होते. वस्तुतः ती शोरूम त्या देशातील वितरकाची असते. त्याने विकलेल्या गाड्यांचे दायित्व तो उचलतो, गोव्यात विकलेल्या गाडीचे उचलण्यास तो बांधील नसतो. नेपाळचा स्वतःचा ग्राहक संरक्षण कायदा आहे, विक्रम संवत २०७५ चा म्हणजे इ. स. २०१८ चा, पण ज्या वितरकाशी खरेदीचा व्यवहारच झालेला नाही, त्याच्याविरुद्ध वॉरंटीचा दावा उभा करणे कठीण. त्यातच दशैंच्या सणात तिकडची गॅरेजे कित्येक दिवस बंद राहतात, हे प्रवास आखताना ध्यानात ठेवलेले बरे.

अशा वेळी पैसे देऊन दुरुस्ती करून घेणे आणि भारतात परतल्यावर भरपाई मागणे एवढाच मार्ग उरतो. ती मिळेलच याची शाश्वती नाही. परंतु सीमा ओलांडण्यापूर्वीच कंपनीला ईमेल पाठवून परदेशातील दुरुस्तीबाबत लेखी उत्तर घेतले असेल, किंवा बिघडताक्षणी कळवून संमती मागितली असेल, तर बाजू निश्चितच बळकट होते. बिल वितरकाच्या अधिकृत कार्यशाळेचे असावे आणि त्यावर चासी क्रमांक, भागाचे नाव व बिघाडाचे कारण नमूद असावे. रक्कम नेपाळी रुपयांत असेल. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये हा ठरलेला दर आहे, तेव्हा हिशेबात घोळ होण्याचे कारण नाही.

आणखी एक फास जकातीचा. भारतीय दुचाकीला नेपाळच्या भन्सार कार्यालयाकडून ठरावीक दिवसांचाच परवाना मिळतो. सुट्या भागाची वाट पाहत गाडी काठमांडूत पडून राहिली आणि मुदत उलटली, तर दंडाचा प्रश्न उभा राहतो; म्हणून मुदत संपण्याआधीच कार्यालयात जाऊन वाढ मागावी. नेपाळच्या पलीकडे, जिथे ‘कार्ने’ नावाचे जकातपत्र लागते, तिथे गाडी बिघडून मागे राहणे अधिकच महाग पडते. गाडी परत देशाबाहेर नेली जाईल, या हमीवरच ते पत्र मिळते आणि ती मोडली, तर त्यापोटी ठेवलेली रक्कम धोक्यात येते. विम्याचीही भौगोलिक मर्यादा भारतापुरती असते. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपर्यंत ती जादा हप्ता भरून वाढवून घेता येते. पण ती वाढ विम्याची आहे, वॉरंटीची नव्हे.

कंपनीने दाद दिली नाही, तर तक्रार कोठे करावी? या बाबतीत कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच सरकला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार मुख्यतः विरुद्ध पक्षाचा व्यवसाय जिथे आहे किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथे करावी लागे. २० जुलै २०२० रोजी अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाचे दारही उघडले. म्हणजे गाडी आदिलाबादेत बंद पडो वा पोखऱ्यात, गोव्याचा रहिवासी गोव्याच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. त्याचप्रमाणे नागपुरात गाडी घेतलेला आदिलाबादचा रहिवासी आदिलाबादच्या आयोगाकडे जाऊ शकतो. त्याला नागपूरच्या खेपा घालण्याची गरज नाही.

वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. बहुतेक दुचाकी याच मर्यादेत बसतात. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि सुनावणीला दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची विनंतीही करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवून पाहण्यासारखा आहे. तेथे मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत बोलता येते.

विरुद्ध पक्ष म्हणून कोणाला करावे, यात मात्र पुष्कळांची गफलत होते. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल म्हणून २००९ ची मोटार विकली गेल्याच्या प्रकरणात टाटा मोटर्सच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. डीलर आणि उत्पादक हे स्वतंत्र पक्ष असल्यास डीलरच्या कृत्याची जबाबदारी, त्याची माहिती वा सहभाग सिद्ध झाल्याविना, उत्पादकावर टाकता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. दोष गाडीच्या निर्मितीत आहे की विक्री-सेवेत, हे आरंभी ठाऊक नसते. म्हणून उत्पादक आणि डीलर दोघांनाही पक्षकार करणे शहाणपणाचे.

मागणी किती करावी, हाही विवेकाचा विषय. एका पंपासाठी नवी गाडी मागणारे तक्रारअर्ज कमी नाहीत. मारुती उद्योगच्या २००६ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या शब्दांवर बोट ठेवले: सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलणे एवढेच आश्वासन असताना संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश टिकणार नाही. तोच दोष पुनःपुन्हा उद्भवत असल्याचे जॉब कार्डांच्या मालिकेवरून दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. दोष निर्मितीतलाच आहे, हे दाखवण्याचा भार बहुधा ग्राहकावर पडतो. कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो; त्याचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागते. अशा तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे वेगळे सांगणे न लगे.

नव्या कायद्यातील ‘उत्पादन दायित्व’ या प्रकरणाचा हवाला देण्याची फॅशन अलीकडे दिसते. तिथे सावध राहावे. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली वा अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, तर ते कलम उपयोगी. खुद्द वस्तूलाच झालेले नुकसान त्याच्या व्याख्येतून वगळले आहे. ब्रेक निकामी होऊन स्वार जखमी झाला तर मार्ग तो. इंजिन नुसते बंद पडले, तर सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी हाच आधार.

गोव्यात विचारला जाणारा आणखी एक प्रश्न पायलटांचा आणि भाड्याच्या दुचाकींचा. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नव्हे. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी ती घेणारा ग्राहकच ठरतो. स्वतःची पिवळ्या पाटीची मोटारसायकल चालवून पोट भरणाऱ्या पायलटाला आयोगाचे दार उघडे आहे. पन्नास गाड्या भाड्याने लावणाऱ्या व्यावसायिकाला तेच म्हणता येईल असे नाही, आणि वॉरंटी पुस्तिकेतही व्यावसायिक वापराचे वेगळे कलम असते. त्यामुळे त्याने ते खरेदीपूर्वीच वाचावे.

आयोगाचा आदेश विरोधात गेला, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. पैसे देण्याचा आदेश झालेल्या कंपनीला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश अंतिम होऊनही तो पाळला नाही, तर कलम ७२ खाली किमान एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कारावास, किमान २५ हजार ते एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.