पुरीच्या रथयात्रेचा पट आणि त्याचे चित्रकार



कामगारांच्या सभांतून बोलण्याची सवय असलेला मनुष्य आज चित्रकलेवर बोलावयास उभा राहिला आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी या विषयाचा पंडित नाही. जे थोडेफार वाचले ते कामाच्या पाळीनंतर वाचले. परंतु काही वर्षांपूर्वी एका ओडिया यंत्रमाग कामगाराच्या खोलीत भिंतीवर लावलेले पुरीच्या रथयात्रेचे चित्र मी पाहिले. तीन रथ, त्यांत तीन देव, आणि खाली दोर धरलेल्या माणसांच्या ओळी. मी विचारले, "हे कोणी काढले?" तो म्हणाला, "चित्रकारांनी. आमच्याकडे ती जातच आहे, दादा." "त्याचे नाव काय?" तो हसला. "देवाच्या चित्रावर नाव कशाला लिहितील?" हे उत्तर माझ्या मनात राहून गेले. देवांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. रथांचीच नव्हेत तर त्यांच्या सारथ्यांचीही नावे ठाऊक आहेत. ज्याने हे सारे रंगवले त्याचे मात्र नाव नाही. आज त्या नाव नसलेल्या माणसाचा इतिहास मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम ती मिरवणूक डोळ्यांपुढे आणू या. आषाढ शुद्ध द्वितीयेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा ही भावंडे श्रीमंदिरातून निघून सुमारे तीन किलोमीटरवरील गुंडिचा मंदिरास जातात आणि नवव्या दिवशी परततात. जगन्नाथाच्या रथाचे नाव नंदिघोष. त्याला 16 चाके आणि तांबडे-पिवळे आच्छादन. बलभद्राचा तालध्वज, 14 चाकांचा, तांबडा-हिरवा. सुभद्रेचा दर्पदलन, 12 चाकांचा, तांबडा-काळा. रथांची उंची सुमारे 45 फूट. आपल्याकडे अनेक देवस्थानांत एकच रथ पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. पुरीस तसे नाही; तेथे दरवर्षी रथ नव्याने बांधतात. अक्षय्य तृतीयेला कामाचा आरंभ होतो आणि सुमारे दोन महिन्यांत तिन्ही रथ उभे राहतात. परंपरेच्या हिशेबाने नंदिघोषाला 832, तालध्वजाला 763 आणि दर्पदलनाला 593 लाकडे लागतात. बेरीज केली तर 2188 लाकडे आणि 42 चाके होतात. सुतार, लोहार, कोरीव काम करणारे रूपकार, शिंपी, ओझी उचलणारे भोई आणि रंगकाम करणारे चित्रकार, असे सारे एका जागी राबतात. प्रत्येक घराण्याचे काम वंशपरंपरेने ठरलेले असते. यात्रा संपली की रथ मोडतात, आणि त्यांतले पुष्कळसे लाकूड देवळाच्या स्वयंपाकघरात जळणाला जाते. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून काम!

आता या कामकऱ्यांतील चित्रकारांकडे वळू. रथाची चाके व लाकडी मूर्ती रंगवणे हे त्यांच्या सेवेचा एक भाग आहे. त्याहून मोठी सेवा यात्रेच्या आधी होते. ज्येष्ठ पौर्णिमेला देवांना 108 घागरींनी स्नान घालतात. त्या स्नानाने देवांना ज्वर येतो अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून पुढे सुमारे पंधरा दिवस त्यांचे दर्शन बंद राहते. या काळाला 'अणसर' म्हणतात. परंतु भक्तांनी नमस्कार करावयाचा तो कोणाला? तेव्हा मूर्तींच्या जागी कापडावर काढलेले तीन पट टांगले जातात, आणि पूजा होते ती या पटांची. ते काढताना चित्रकार व्रतस्थ राहतो, हविष्यान्न खातो. मूळच्या लाकडी मूर्तींना पुरते हातपाय नाहीत. अणसर-पटात मात्र जगन्नाथ चतुर्भुज नारायण होऊन बसलेला दिसतो. विचार करा, पंधरवडाभर एका कारागिराच्या हातचे काम साक्षात देवाच्या जागी असते! तरीही त्या कारागिराला देवळात पुजाऱ्याचा मान नाही. तो सेवकच राहतो.

याच चित्रकारांनी यात्रेकरूंसाठी दुसरे चित्र काढावयास घेतले. त्याला 'जात्री पटी' म्हणतात. दूरदूरहून पायी आलेला यात्रेकरू घरी परतताना प्रसाद नेई, तसे एखादे लहानसे चित्रही नेई. कोणी फक्त त्रिमूर्तीचे घेई, कोणी साऱ्या क्षेत्राचा नकाशा शंखाच्या आकारात बसवलेला पट घेई, तर कोणी रथयात्रेचा पट घेई.

हा पट कसा बनतो, ते थोडे विस्ताराने सांगतो. कारण त्यातच खरी मेहनत आहे. जुन्या सुती कापडाचे दोन थर चिंचोक्यांच्या खळीने एकमेकांवर चिकटवतात. त्यावर खडूची भुकटी खळीत कालवून तिचा लेप देतात आणि कापड उन्हात वाळवतात. मग आधी खरबरीत दगडाने व नंतर गुळगुळीत दगडाने घोटून घोटून ते चामड्यासारखे लख्ख करतात. पांढरा रंग शंख दळून, तांबडा हिंगुळापासून, पिवळा हरताळापासून आणि काळा दिव्याच्या काजळीपासून. रंग कवठाच्या डिंकात खलून नारळाच्या करवंटीत ठेवतात. जाड कामाला केवड्याच्या मुळाचा कुंचला लागतो, बारीक कामाला जनावरांच्या केसांचा. आधी चौकट आखायची, मग आकृती, मग रंग भरायचे, त्यानंतर दागिने व वस्त्रे, आणि शेवटी काळी रेघ. चिंचोके भिजवून वाटणे, कापड तयार करणे, घोटणे, रंग भरणे यांतले पुष्कळसे काम घरच्या बायका करीत आल्या आहेत. परंतु 'चित्रकार' म्हणून गणला जाई तो पुरुष. नाव नसलेल्या माणसाच्या मागे अशी आणखी एक नाव नसलेली बाई उभी आहे, हे विसरता कामा नये.

चित्रात खोली नाही, सावली नाही, जवळचे मोठे आणि दूरचे लहान असा नियमही नाही. ज्याचा मान मोठा त्याची आकृती मोठी. म्हणून देव प्रचंड दिसतात, आणि दोर ओढणारे भक्त बोटाएवढे, एकाच बाजूने रेखाटलेले, बहुतेक एकाच तोंडवळ्याचे. मला प्रथम याचा राग आला होता. पुढे ध्यानात आले की चित्रकाराने एक गोष्ट प्रामाणिकपणे दाखविली आहे. रथ आपोआप चालत नाही. त्याने घोडे काढले आहेत, पण ते घोडे लाकडी आहेत. दोर माणसांच्या हातात दिला आहे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण याच मिरवणुकीचे एक निराळे चित्र जगभर पसरले. ते रंगांनी नव्हे, शब्दांनी काढलेले होते. क्लॉडियस ब्युकॅनन नावाचा पाद्री 1806 साली पुरीस गेला. रथाखाली माणसे स्वतःला झोकून देतात, असे भयंकर वर्णन त्याने लिहिले, आणि 1811 साली ते पुस्तकरूपाने आले. इंग्रजी भाषेत 'जगरनॉट' हा शब्द वाटेत येईल त्याला चिरडणाऱ्या राक्षसी शक्तीसाठी रूढ झाला, त्याला अशा वर्णनांचा मोठा हातभार लागला. पुढे हंटर या इंग्रज अधिकाऱ्यानेच 1872 साली ओरिसावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की असे मृत्यू विरळा होते आणि पुष्कळसे गर्दीतल्या अपघाताचे होते. गर्दीत माणसे दगावली हे खरे आहे, ते लपविण्याचे कारण नाही. परंतु पाद्र्याला फक्त चिरडलेला माणूस दिसला, आणि पटावरच्या चित्रकाराला ओढणारा. दोघांनी एकच रस्ता पाहिला होता.

आणि त्या वेळी पुरीची सत्ता कोणाकडे होती? येथे आपलाही संबंध येतो. 1751 पासून 1803 पर्यंत ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे आला तो याच मराठी अमलात. देवळाला त्यांनी आश्रय दिला, हे अभिमानाने सांगावे. पण यात्रेकरूंकडून ते करही घेत, हेही सांगावे. 1803 मध्ये कंपनी सरकार आले, आणि 1806 साली त्याने यात्राकराचा रीतसर कायदा केला. तो कर 1840 साली उठला. भक्ती गरिबाची आणि जमा सरकारची, हा हिशेब मराठ्यांच्या काळात होता तसाच इंग्रजांच्या काळातही राहिला.

1897 साली पुरीपर्यंत रेल्वे आली. यात्रेकरू वाढले, तेव्हा चित्रकारांचा धंदा वाढावयास हवा होता. परंतु त्याच सुमारास देवादिकांची छापील रंगीत चित्रे बाजारात स्वस्तात मिळू लागली. आपल्या मुंबईत 1894 साली निघालेला रविवर्म्याचा छापखाना हा त्याच लाटेचा एक भाग. ज्या कामाला दिवस लागत, त्याची नक्कल यंत्र क्षणात काढू लागले. हातमागवाल्यांचे गिरणीपुढे जे झाले, तेच येथे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक चित्रकार घराणी कुंचला सोडून शेतीच्या आणि पानमळ्याच्या कामाला लागली होती.

पुरीपासून सुमारे 12 किलोमीटरवर भार्गवी नदीकाठी रघुराजपूर हे या चित्रकारांचे गाव आहे. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र 1926 साली जन्मले ते याच गावी, चित्रकाराच्याच घरी. 1950 नंतरच्या काही वर्षांत हेलिना झीली या विदेशी बाईंनी येथील जुन्या चित्रकारांना शोधून पुन्हा काम करावयास उत्तेजन दिले आणि गिऱ्हाईक मिळवून दिले. पुढे सहकारी संस्था, सरकारी शिक्षण, राष्ट्रीय पारितोषिके आली. 2000 साली रघुराजपूरला वारसा-ग्राम म्हणून मान्यता मिळाली. आता तेथील बायकाही आपल्या नावाने पट काढतात. ही मोठी गोष्ट आहे. परंतु पारितोषिक एकाला मिळते, आणि चूल शंभर घरांत पेटावी लागते. दलालाने ठरविलेल्या भावात चिंचोके वाटण्याचे दिवस धरलेले नसतात.

3 मे 2019 रोजी फनी चक्रीवादळ पुरीजवळ धडकले आणि रघुराजपुरातील घरांबरोबर कितीतरी तयार पट भिजून गेले. पुढल्याच वर्षी, 2020 साली, महामारीमुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने रथयात्रा भक्तांवाचून झाली. रथ निघाले, देव निघाले, पण रस्ता रिकामा. यात्रेकरू नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही. बोटाएवढ्या माणसांची ती ओळ चित्रातून गळाली तर चित्रकाराच्या घरात काय होते, हे त्या वर्षी कळले.

रथयात्रेत सर्वजण एकच दोर ओढतात, म्हणून ती समतेची यात्रा, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. ज्यांना देवळाचे दार बंद होते, त्यांच्यासाठी देव रस्त्यावर येई. सतराव्या शतकातील मुसलमान भक्तकवी सालबेग याच्या समाधीपाशी रथ आजही थांबतो. गजपती राजा सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडतो. हे सारे सुंदर आहे. पण राजा वर्षातून यात्रेपुरता झाडतो, म्हणून त्याचे कौतुक होते. रोज रस्ता झाडणाऱ्याला कोणी पटावर घेत नाही. एका दिवसाची समता खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. ती उरलेल्या दिवसांत यावी, एवढेच म्हणतो.

आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा असोत, पिंगुळीच्या चित्रकथी असोत वा पुरीचा पट असो, आपण त्यांना 'लोककला' म्हणतो. त्या शब्दात 'लोक' आधी आहेत. तेव्हा कोणी असा पट विकत घेईल, त्याने दोन प्रश्न विचारावेत: हा कोणाच्या हातचा, आणि याला किती दिवस लागले? नाव कळले तर चौकटीमागे लिहून ठेवावे. दिवस कळले तर तितक्या दिवसांची मजुरी देण्यास कां-कूं करू नये. त्या कामगाराच्या खोलीतील चित्रामागे मी पाहिले होते; तेथे काहीच लिहिलेले नव्हते.