सामुदायिक रेडिओ
भारतात सामुदायिक रेडिओ उशिरा आला तो परवान्यावाचून अडल्यामुळे. यंत्रे महाग होती ही सबब पुरेशी नाही. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. तरी २००२च्या धोरणाने परवाने शिक्षणसंस्थांपुरतेच ठेवले; स्वयंसेवी संस्थांना वाट मिळाली ती २००६ मध्ये. पुढच्या दोनच वर्षांत तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील माचनूरला दलित शेतकरी महिलांचा ‘संघम रेडिओ’ आणि सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. प्रक्षेपणशक्तीवर १०० वॅटची सर्वसाधारण मर्यादा हवीच, नाहीतर लहरी एकमेकींत मिसळतील, हा आक्षेप रास्त आहे. पण स्वतःच्या बातम्या देण्यावरील बंदीचे समर्थन त्याने होत नाही. या केंद्रांना आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात, ग्रामसभेतल्या वादाची बातमी मात्र करता येत नाही. ही बंदी उठली पाहिजे. — संपादक