वेताळ : एका सदोष नायकाचे ऋण

ली फॉक यांचा ‘फँटम’ १९३६ चा. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सने भारतात त्याचे अंक काढायला सुरुवात केली. मराठी अंकांत तो ‘वेताळ’ झाला. गोव्यात वेताळ हा गावराखणीचा देव, म्हणून नाव परके वाटले नाही. मूळ कथेतील देशाचे नाव बंगालशी जुळणारे, ते बदलून ‘डेंकाली’ केले गेले. बदलला नाही तो गाभा : काळ्या माणसांचा राखणदार पिढ्यान्‌पिढ्या गोराच! नुकतेच पारतंत्र्यातून सुटलेले आपण ते आवडीने वाचत होतो. हा दोष मोकळेपणाने मान्य करावा. पण शाळा परभाषेची असताना ज्यांना मराठी वाचनाची गोडी याच पातळ अंकांनी लावली, त्यांनी हे ऋणही नाकारू नये.