उपकारस्तुती व एकांतप्रार्थना (ख्रिस्ती)

देवाचे उपकार स्मरून अंतःकरणात करावयाची ख्रिस्ती साधना. दार लावून एकांतात प्रार्थना करावी, ही येशूची शिकवण (मत्तय ६) तिचा पाया होय. प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. सुख मिळाले म्हणून आभार मानणे सोपे. दुःखातही कृतज्ञ राहणे हे या साधनेचे सर्वांत अवघड आणि मोलाचे अंग. संत इग्नेशियस लोयोलाने सांगितलेले रोजचे आत्मपरीक्षणही उपकारस्मरणानेच सुरू होते.

ही ख्रिस्ती प्रार्थना महाराष्ट्रातही रुजली. वऱ्हाडात अकोला, अमरावती भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या मंडळ्या (चर्च) वाढल्या. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला अस्सल देशी सूर मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी दिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तुकोबांशी नाते तोडले नाही. अभंग, ओवी आणि कीर्तन यांतून त्यांनी येशूला आळवले, त्यामुळे परक्या वळणाची उपासना मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची झाली. त्यांची अनेक भक्तिगीते ‘उपासना संगीत’ या संग्रहात असून मराठी मंडळ्या ती आजही गातात.