सही हलली, बाई नाही

बचत गटाच्या कामात आम्हाला पासबुक, हप्ते, व्याज यांचीच सवय. पण आज आम्ही मेंदूविषयी बोलणार आहोत. त्याची सुरुवात मात्र एका स्लिपपासूनच झाली.

आमच्या एका गटाची पैसे काढायची स्लिप बँकेतून परत आली. कोषाध्यक्ष ताईंची सही जुळत नव्हती. पुन्हा केली, पुन्हा जुळली नाही. अक्षरं मोठी झाली होती, रेघा वेड्यावाकड्या. या ताईंनी वीस वर्षं विड्या वळल्या. गप्पा मारता मारता, खाली न बघता पान गुंडाळून दोरा बांधायच्या. आता दोरा सुटायला लागला. पाय फाकून, भिंतीला हात लावत चालायला लागल्या. गल्लीत बोलणं सुरू झालं, ‘बाई पिते.’ गटाच्या बैठकीत कोषाध्यक्ष बदलायचा विषय निघाला, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तेव्हा गप्प बसलो.

शेवटी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन बोटं लांब लांब धरली आणि म्हणाले, ‘आधी याच्याकडे बघा, आता त्याच्याकडे.’ आपली नजर अशा वेळी टपकन उडी मारते. ताईंची नजर एका बोटावरून दुसऱ्याकडे हळूहळू सरकत गेली. मग त्यांनी विचारलं, ‘आई अशीच चालायची का?’ ताई म्हणाल्या, ‘हो, मामाही.’ डॉक्टर म्हणाले, हा लहान मेंदूचा आजार दिसतोय. त्यानंतर आम्ही जे वाचलं, विचारलं, ते तुम्हाला सांगतो.

लहान मेंदू, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं अनुमस्तिष्क, डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असतो. नावाला लहान. माणसाच्या मेंदूत साधारण 86 अब्ज चेतापेशी धरल्या तर त्यातल्या 69 अब्जांच्या आसपास एवढ्याशा भागात आहेत. 1824 साली फ्रान्समधल्या फ्लोरांस नावाच्या शास्त्रज्ञाने कबुतरांचा लहान मेंदू थोडा थोडा काढून काय होतं ते पाहिलं. बिचारी कबुतरं! त्यांना दिसत होतं, ऐकू येत होतं, पंख हलत होते. पण तोल गेला आणि हालचालींचा मेळ गेला. पाहणाऱ्याला ती झिंगल्यासारखी वाटावीत. ताकद शाबूत असते, मेळ जातो, हे तेव्हा कळलं. दारूचाही लहान मेंदूवर परिणाम होतो, म्हणून झिंगलेला माणूस आणि हा आजारी माणूस दिसायला सारखे. गल्लीची चूक कुठून आली ते यात आहे.

पुढे 1837 मध्ये पुर्किन्ये यांनी सूक्ष्मदर्शकातून लहान मेंदूतल्या मोठ्या पेशी दाखवल्या. फळीवर लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडाव्यात तशा त्या होत्या. आजही त्यांना पुर्किन्ये पेशी म्हणतात. 1888 पासून स्पेनच्या काहाल यांनी त्यांच्या फांद्या रंगवून पाहिल्या. प्रत्येक पेशीचा फांद्यांचा पसारा चपटा, एकामागे एक उभा, आणि त्यातून हजारो बारीक तंतू आडवे गेलेले. सोलापूरकरांना हे समजवायला वेळ लागू नये. मागावर ताण्याचे धागे फणीतून जातात, ते आठवा. इथे मात्र एकेका पेशीला लाखाहून जास्त धागे लागतात.

पण या धाग्यांतून जातं काय? वीज. घरातल्या तारेसारखी नव्हे. पेशीच्या आतबाहेर क्षारांचे कण ये-जा करतात आणि क्षणभर विजेचा ठोका उठतो. एक ठोका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढा. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो, त्यावरून अंदाज करा. 1935 मध्ये इंग्लंडच्या एड्रियन यांनी लहान मेंदूतली ही चळवळ यंत्रावर नोंदवली. नंतर केसाहून बारीक टोकाच्या काचेच्या नळ्या आल्या आणि एकेका पेशीचा ठोका ऐकता येऊ लागला. पुर्किन्ये पेशी स्वस्थ बसलेल्या असतानाही सेकंदाला पन्नासेक ठोके देत राहते. जपानच्या इतो यांनी 1964 मध्ये दाखवलं, की ती पुढच्या पेशींना एवढंच सांगते : थांब, आवर. तिच्याकडे ‘चल’ म्हणायला शब्दच नाही. हात किती पुढे जायचा आणि कुठे थांबायचा, हे या आवरण्यातून ठरतं.

आम्हाला सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. या पेशीत आणखी एक वेगळा, मोठा ठोका असतो, सेकंदाला साधारण एकदाच उठणारा, एका खास तंतूमुळे. 1969 मध्ये डेव्हिड मार यांनी मांडलं, की हा ठोका म्हणजे धडा. त्या वेळी जे धागे चालू असतील त्यांची जोडणी बदलते आणि पुढच्या वेळी हात सुधारतो. इतो यांनी पुढे प्रयोगांत जोडणी बदलताना पाहिली. या मांडणीवर अजूनही काम चालू आहे. पण मुलगी विडी वळायला शिकताना आई हातावर टपली मारते ना, तसंच काहीसं आत घडत असावं.

आता आपल्या राज्यात येऊ. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. नोशिर वाडिया होते. तोल गेलेल्या रुग्णांना तपासताना त्यांनी नजरेकडे लक्ष दिलं. काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या तोल जाणं होतं आणि नजरेची उडीही संथ होती. अशा नऊ कुटुंबांविषयी त्यांनी आणि डॉ. स्वामी यांनी 1971 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात लिहिलं. यात लहान मेंदूबरोबर मेंदूच्या देठातल्या पेशीही झिजतात, म्हणून नजर मंदावते. दोन बोटं आणि लक्ष देणारा डॉक्टर, एवढंच साधन! या आजाराचा जनुक सापडला तो 1996 मध्ये. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलामुलीला तो येण्याची शक्यता निम्मी. कुणाच्या पायगुणाचा, करणीचा यात संबंध नाही. 2012 मध्ये डॉ. वाडियांना पद्मभूषण मिळालं.

2013 मध्ये याच आजाराच्या उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं, की चालण्यात बिघाड दिसण्याआधीच पुर्किन्ये पेशींचे ठोके मंदावतात. म्हणजे पेशी मरायच्या आधी तिचा ताल बिघडतो. तो ताल सावरता आला तर, या आशेवर जगभर काम चालू आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेत डॉ. वत्सला तिरुमलै यांच्या प्रयोगशाळेत झेब्राफिश या आपल्याकडच्या नद्यांतल्या माशाच्या पिल्लांमध्ये पुर्किन्ये पेशींचे ठोके मोजतात. आज मात्र औषध नाही. व्यायामाने तोल काही काळ सावरता येतो.

ताईंची रक्ततपासणी करायची की नाही, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. मुलीचं लग्न ठरायचं आहे, म्हणून ताईच कचरतात, आणि त्यांना घाई करायचा आम्हाला हक्क नाही. डॉक्टरांचं पत्र जोडून बँकेत अर्ज दिला. आता सहीऐवजी अंगठा चालतो. कोषाध्यक्ष त्याच आहेत. रजिस्टर दुसरी लिहिते, पण कुणाचे किती हप्ते थकले ते ताई तोंडपाठ सांगतात, आणि त्यात आमचंही नाव असतं.