तुरीचा परतीचा प्रवास

तूर मूळची भारताची. पूर्व आफ्रिकेत ती इथूनच गेली. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर पोहोचली, तेव्हा भारताला त्या आफ्रिकेची आठवण झाली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार झाला: पहिल्या वर्षी १ लाख टन, पुढे वाढत २ लाख टन. त्याच खरिपात पाऊस उत्तम झाला, तुरीचे विक्रमी पीक आले आणि महाराष्ट्राच्या बाजार समित्यांत भाव ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली गडगडला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने आयातीवर वार्षिक २ लाख टनांची मर्यादा घातली. कराराचा माल तिच्यातून वगळला होता, हे खरे. तरीही मोझांबिकमधले भाव कोसळलेच. झांबेझियातल्या शेतकऱ्याने तूर पेरली होती ती मुख्यतः भारतासाठी. ती घरी शिजवण्याची रीत तिथे फारशी नव्हती.